तपासले, बरोबर आहे

नांदेडच्या ऑफिसात मिहिरनं प्रिंटरमधून पान काढून माझ्या हातात दिलं आणि सत्तेचाळीसाव्या प्रश्नासमोर दोनचा आकडा होता. मिहिर आमच्या क्लासच्या नांदेड शाखेतलं कॉम्प्युटरचं काम बघतो. नवा प्रिंटर चालतो का एवढंच मला बघायचं होतं, म्हणून त्यानं हाताला लागलं ते छापलं, आणि ती निघाली गेल्या महिन्यातल्या एका चाचणीच्या उत्तरांची यादी. छपाई स्वच्छ होती. मी पान परत देणार होते, पण तो दोनचा आकडा डोळ्यात खुपला. तो चुकीचा आहे हे मला पाठ होतं. एकशेऐंशी प्रश्नांची उत्तरं कुणी पाठ करत नाही, मी तर मुळीच नाही; मला हा एकच आकडा ठाऊक होता, कारण मार्चमधल्या एका सोमवारी त्याच प्रश्नावरून मी एका मुलीला झापलं होतं. तिची हरकत आली होती की सत्तेचाळीसचं उत्तर तीन पाहिजे. मी लातूरला माझ्या टेबलावर यादी उघडून बघितली, तिथं तीनच होतं. तीन आहे आणि ही बया तीनच पाहिजे म्हणून भांडतेय, काय म्हणावं हिला, असं मनात म्हणत मी तिला लिहिलं होतं : तपासले, बरोबर आहे. यादी डोळे उघडून वाचावी. "ही कुठली यादी रे?" मी मिहिरला विचारलं. "कुठली म्हणजे? आपलीच की मॅडम. पोरांच्या मोबाइलवर जाते ती." त्यानं खिशातून फोन काढून दाखवलं. फोनवरही दोनच होतं. खाली रस्त्यावर ऑटोवाले गुरुद्वारा, गुरुद्वारा म्हणून ओरडत होते, पंखा फिरत होता. मी पाणी मागितलं.

आमचा क्लास मूळ लातूरचा. बारावीनंतर डॉक्टरकीला जायची जी परीक्षा असते तिची तयारी करून घेतो. लातुरात अशा क्लासांचे फलक इतके झालेत की त्यांच्यामागे घरं आहेत हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. यंदा जानेवारीत नांदेडला शाखा काढली. दर रविवारी दोन्ही गावांत एकच पेपर. पेपर झाला की प्रश्न, उत्तरांची यादी आणि खुलासे वेगवेगळ्या फोल्डरमधून गोळा करून त्याचा एक गठ्ठा बांधायचा आणि मुलांच्या मोबाइलवर सोडायचा. त्याच गठ्ठ्यातल्या यादीनं गुण पडतात. हे बांधायचं काम एक प्रोग्राम करतो, आमच्या भाषेत त्याला बिल्ड म्हणतात, आणि तो प्रोग्राम माझा. चार वर्षांपूर्वी मी तो लिहिला तेव्हा वैजनाथ सरांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, सगळ्या स्टाफला पेढे वाटले होते. आता मी मिहिरच्या खुर्चीत बसून तोच उघडला आणि दहा मिनिटांत मला सापडलं. यादी कुठून उचलायची याची वाट मी अशी लिहिली होती की एक पायरी वर जा आणि तिथल्या 'उत्तरे' या फोल्डरात शिर. कुठून एक पायरी वर, ते लिहिलं नव्हतं. लिहायची गरजच वाटली नव्हती. प्रोग्राम ज्या जागेवरून सुरू करावा तिथून तो पायरी मोजत होता, आणि इतकी वर्षं तो एकाच जागेवरून सुरू होत होता, माझ्या टेबलावरून. तिथून एक पायरी वर पक्की यादी असायची. नांदेडला मिहिर तो त्याच्या जागेवरून सुरू करत होता. तिथूनही एक पायरी वर 'उत्तरे' होतंच. त्यात गुरुवारी छपाईसाठी पाठवलेली कच्ची यादी पडलेली असायची. त्या यादीतली आठ-दहा उत्तरं शुक्रवारी-शनिवारी लातूरचे शिक्षक पुन्हा पेपर सोडवून दुरुस्त करतात. फोल्डर रिकामं असतं तर प्रोग्रामनं तिथल्या तिथं बोंब मारली असती. त्याला काहीतरी सापडत होतं, म्हणून तो गुपचूप पुढं जात होता.

दुरुस्ती दोन ओळींची होती. पायरी मोजायची ती उभं राहिल्या जागेपासून नको, तुझ्या स्वतःच्या घरापासून, म्हणजे तू ज्या फोल्डरात राहतोस तिथून मोज, एवढंच प्रोग्रामला सांगायचं. मिहिरनं आणलेला चहा निवायच्या आत काम झालं. पुन्हा बिल्ड चालवलं, सत्तेचाळीससमोर तीन आला. "मॅडम, माझं काही चुकलं का?" मिहिरनं दोनदा विचारलं. नाही रे बाबा, माझं, असं मी म्हणाले, आणि म्हणताना बरं वाटलं, जणू एवढं म्हटलं की भागलं. मग मी जानेवारीपासूनचे रविवार मोजले. तेरा. तेरा रविवार नांदेडच्या नव्वद पोरांचे पेपर कच्च्या यादीनं तपासले गेले होते. दर खेपेला आठ-दहा प्रश्न, बरोबर उत्तराचे चार गुण गेले आणि वर चुकीचा म्हणून एक कापला. त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट माझ्या जरा उशिरा लक्षात आली. शिक्षकांचीही पहिल्या फटक्यात चूक व्हावी असे प्रश्न म्हणजे पेपरातले सर्वांत अवघड प्रश्न. ज्या पोराला ते येतच नव्हते, त्याचं काही बिघडलं नव्हतं. ज्याला येत होते, त्याचेच गुण गेले होते. आमच्याकडं नियम आहे, तीन रविवार रेषेच्या खाली गेलं की वरच्या तुकडीतून खालच्या तुकडीत. तो नियमही प्रोग्रामच पाळतो, मी तसं लिहिलं आहे.

हरकती एकाच मुलीच्या होत्या. बाकी एकोणनव्वद जणांनी कधी तोंड उघडलं नाही. यादी म्हणजे यादी, ती छापून येते, तिच्याशी कोण भांडणार. चूक निघाली तर ती आपलीच असणार हे आम्ही त्यांना आल्या दिवसापासून शिकवतो. श्रद्धा नाव, हिमायतनगरची, वडील शाळेत शिक्षक. पहिल्या रविवारी तिच्या सहा हरकती होत्या, दुसऱ्या रविवारी सात, मग पाच, मग चार. प्रत्येकीखाली माझं उत्तर. तपासले, बरोबर आहे. तपासले, बरोबर आहे. मी खरोखर तपासत होते, हीच गंमत. कंटाळा न करता प्रत्येक वेळी पक्की यादी उघडून बघत होते आणि ती मागते तेच उत्तर तिथं बघून माझी खात्री होत होती की पोरगी बेफिकीर आहे, नाहीतर हिला भांडायची खोड आहे. एकदाही मनात आलं नाही की ती जिथं बसली आहे तिथून काय दिसतंय ते विचारावं. आठव्या रविवारी तिची एकच हरकत आली, सत्तेचाळीसची. नवव्या रविवारी एकही नाही. मला आठवतं, मी शेजारच्या टेबलावरच्या बाईंना म्हणाले होते, आली एकदाची अक्कल. आता मी तिचे पेपर उघडले. आधी सगळे प्रश्न सोडवलेले असायचे, कोरा एखाददुसरा. मग सात कोरे, मग बारा, मग एकतीस. नवव्या पेपरात अठ्ठावन्न. दहाव्या पेपराला गैरहजर, अकराव्याला गैरहजर, आणि पुढं मिहिरनं टाकलेला शेरा : पालक घरी घेऊन गेले. "हुशार होती मॅडम," मिहिर म्हणाला. "पण मधातच काय झालं काय की, इथं दारात बसून राहायची नुसती. बोलली तर रडून राहिली. वडलांनी नेलं मग."

परतीच्या बसमध्ये खिडकी मिळाली. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, उन्हानं पत्रा तापला होता आणि खिडकीतून येणारा वारा भट्टीतून यावा तसा येत होता. मी डोळे मिटून घेतले, पण झोप येणार नव्हती हे मलाही ठाऊक होतं. ज्या गोष्टीपाशी मला जायचं नसतं तिच्यापाशी मी बसमध्ये हमखास जाते. मी पाच वर्षांची होते. भूकंप झाला त्या रात्री आबांबरोबर, म्हणजे वडिलांबरोबर, मी शेतातल्या खोपीत होते, कारण मी हट्ट धरला होता. आई घरी होती. उजाडताना आम्ही गावात आलो तर गाव नव्हतं. हातभर जाडीच्या दगडमातीच्या भिंती आणि त्यांच्यावरचं मातीचं माळवद, सगळं जागच्या जागी बसलं होतं. आबा आमच्या ढिगासमोर उभे राहिले आणि त्यांची वाचाच गेली. त्यांनी हातानं थोडी माती उपसली, मग तेही सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी जवान आले. त्यातला एक माझ्यासमोर उकिडवा बसला आणि हिंदीत विचारू लागला, मां किधर सोती थी बेटा, दरवाजे से किस तरफ? शेजारच्या केवळाबाईंनी मला मराठीत सांगितलं, आई कुठल्या अंगाला निजायची ते दाखव. मी डावा हात वर केला. डावा कुठला, उजवा कुठला हे मला पक्कं येत होतं, आईनंच शिकवलं होतं. जेवायचा उजवा. घरात दाराकडं तोंड करून बसलं की आईचं अंथरूण डाव्या हाताला, हे मी रोज बघत होते. जवानांनी दाराकडं तोंड करून डावीकडं खणायला घेतलं. ते बाहेर उभे होते.

दुपारपर्यंत त्यांनी तीच बाजू उकरली. कणगी निघाली, ज्वारी निघाली, एक शेळी निघाली. मग ते उजवीकडं वळले. आई सापडली तेव्हा ऊन उतरलं होतं. बायका म्हणत होत्या की अंगावर ओरखडासुद्धा नाही, आणि कुणीतरी त्यांना गप्प केलं. त्या जवानानं आबांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की ती लगेचच गेली असणार. पण ते तो सगळ्यांनाच सांगत होता. माझ्या हातून काय झालं हे मला तेव्हा कळलंच नाही. कळलं चौथीत. सरकारनं वसवून दिलेल्या नव्या गावातल्या नव्या शाळेत, कवायतीच्या तासाला. मास्तर आमच्याकडं तोंड करून उभे राहिले, म्हणाले, डावा हात वर, आणि त्यांनी स्वतःचाही केला, आणि तो आमच्या उजव्या हातासमोर होता. बाकी पोरं फिदीफिदी हसत होती. मला उलटी झाली. मास्तरांनी ऊन लागलं म्हणून सावलीत बसवलं आणि मी घरी जाऊन काही बोलले नाही. त्यानंतर कुणालाच कधी बोलले नाही. पाच वर्षांच्या पोरीची कसली आलीय चूक, असं कुणीही म्हणेल, मीही दुसऱ्या कुणाला म्हटलं असतं. चाकूरला बस थांबली, एक बाई शेंगा विकायला चढली आणि माझा चेहरा बघून पुढच्या सीटकडं गेली.

दुसऱ्या दिवशी मी वैजनाथ सरांना सगळं सांगितलं. सर वाईट माणूस नाहीत. हॉस्टेलच्या पोरींना ताप आला तर स्वतःच्या गाडीत घालून दवाखान्यात नेतात, आणि नव्या गावातल्या पत्र्याच्या शाळेतून आलेल्या मला कॉम्प्युटरसमोर बसवलं तेही त्यांनीच. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, पेनचं टोपण काढलं, लावलं. "दुरुस्त केलंस ना?" "केलं सर." "मग झालं तर. बाकीच्या पोरांचे गुण फेरतपासणी म्हणून वाढवून टाक. खूष होतील. उगं खाजवून खरूज काढू नकोस." मी म्हणाले, त्यांना कारण सांगायला नको का? "एकोणीस दिवसांवर परीक्षा आली शिल्पा. आता सांगितलं तर नव्वद घरांत बोंब होईल, पोरं अभ्यास सोडून यादी धुंडाळत बसतील. वर शाखेला कुलूप लागेल ते वेगळंच. झाकली मूठ सव्वा लाखाची." मी विचारलं, आणि जी घरी गेली ती? सर म्हणाले, "तिला फोन करून तू काय देणारेस? गेलेले तीन महिने देशील?" त्यांनी ते टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. मी टेबलावर येऊन बसले, नांदेडच्या एकोणनव्वद पोरांचे गुण वाढवले, आणि नव्वदाव्या नावापाशी हात थांबला. पक्क्या यादीनं मोजलं तर आठव्या रविवारापर्यंतच्या एकूण गुणांत ती दोन्ही शाखांत मिळून पहिल्या पाचात होती.

संध्याकाळी आबांचा फोन आला. ते अजून त्या नव्या गावातच राहतात, बातम्या संपल्या की रोज फोन करतात, जेवलीस का, उकडतंय का, इतकंच बोलणं असतं. त्या दिवशी जेवलीस का वर मी हो म्हणाले नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, "आबा, त्या जवानाला मी काय सांगितलं होतं, आठवतं तुम्हाला?" पलीकडं टीव्हीचा आवाज बंद झाला. "आठवतंय की." "मी चुकीची बाजू सांगितली." "हाव," आबा म्हणाले. "मला तवाच कळलं हुतं, बाई. तू डावा हात वर केला, म्या बघितलं. तुझी आई उजवीकडं हाय, मला ठावं हुतं. म्या तिथंच हुबा हुतो. तोंडातून आवाजच निघंना. हात बी उचलंना." आबांनीच पुढं सांगितलं. "लई येळा वाटलं तुला सांगावं. मंग म्हणलं, पोर लहान हुती, इसरली असंल. कशाला उगं." मला त्यांची कीव यायला हवी होती. आली नाही, राग आला. पंचवीस वर्षं मी तो वर केलेला हात एकटीनं वागवत आले, आणि हा माणूस दुसऱ्या टोकाला माझ्या विसरण्याच्या भरवशावर गप्प बसला होता. एकदा म्हणाले असते, पोरी, मला दिसत होतं, तरी मी बोललो नाही. त्यानं आई आली नसती. पण कवायतीच्या मैदानावरून मी घरी येऊन ज्या कोपऱ्यात बसले, तिथं निदान दोघं बसलो असतो. "जेवून घ्या आबा," मी म्हणाले आणि फोन ठेवला. रडू आलं ते नंतर, भांडी घासताना.

सकाळच्या पहिल्या गाडीनं मी निघाले. ऑफिसात कळवलं नाही. सरांना कळलं की टेबल आवरून जावं लागेल हे मी धरूनच चालले होते, आणि मला वाटलं होतं तेवढी भीती वाटत नव्हती. नांदेडला उतरून पुढची गाडी धरली. हिमायतनगरला पोचेतो अकरा वाजले. श्रद्धाच्या वडिलांचं, मास्तरांचं घर लगेच सापडलं. श्रद्धाची आई उमादेवी गच्चीवर कुरडया घालत होती, हाताला चीक लागलेला, कपाळावरून घाम गळत होता. क्लासमधून आले म्हटल्यावर तिनं सोऱ्या खाली ठेवला. "आता काय राहिलं तुमचं? पोरगी तर घरी आणून बसवली आमी." कोपऱ्यातल्या सावलीत एक मुलगी काठी घेऊन कावळे हाकत बसली होती. बारीक, तेल लावून घट्ट वेणी घातलेली. तिनं मान वर केली नाही. मी तिच्यासमोर खाली बसले. बसमध्ये जे जे जुळवून ठेवलं होतं त्यातलं एक वाक्य आठवेना. मी सरळ सांगत गेले, की उत्तरांच्या याद्या दोन होत्या, एक कच्ची आणि एक पक्की, नांदेडच्या मुलांना कच्ची जात होती, माझ्या चुकीमुळं जात होती. तिला समजायला वेळ लागला नाही. मी पुढं बोलायच्या आधीच ती म्हणाली, "म्हंजे तुमी जी बघून राहिल्या होत्या ती येगळी. अन् मी बघून राहिले ती येगळी." "हो." "अन् मला जवाब कोण लिहीत होतं?" "मी." काठी तिच्या मांडीवर आडवी पडली. एक कावळा येऊन कुरडईवर बसला, तिनं त्याला हाकललं नाही. "मी बाबाच्या चष्म्यानं बी बघितलं होतं," ती म्हणाली. "मला वाटलं, खरंच मला दिसत न्हाई."

मी माफी मागितली. ती मागताना फार लहान वाटली, आणि तरी दुसरं काही जवळ नव्हतं. तिचे खरे गुण मी कागदावर लिहून आणले होते, तो कागद तिच्या पुढ्यात ठेवला. सांगितलं, तुला खालच्या तुकडीत टाकायलाच नको होतं, तू दोन्ही शाखांत पहिल्या पाचात होतीस. उमादेवीनं आधी तो कागद बघितला, चिकाच्या हातांनीच उचलला, आणि तिचा आवाज चढला. "आईक! आईकलं का? तुझा बाप म्हणू म्हणू थकला की पोरीला येते, तूच मनावर घेतलं न्हाई. आता तरी जाशील का न्हाई परीक्षेला?" मग माझ्याकडं वळून, "प्रवेशपत्र आलंय हो बाई, घडी बी मोडली न्हाई हिनं." मी म्हणाले, अठरा दिवस आहेत, मी रोज फोन करीन, लागेल ते पाठवीन. "तसं न्हाई मॅडम," ती म्हणाली. रागावलेली नव्हती. मला तिनं रागवायला हवं होतं. "वाचते मी. उत्तर येते. आलं की वाटते, हे नसंल. दुसरं बघते, ते बी नसंल वाटते. मंग पुढं जाते." मी म्हणाले, एक सोडवून दाखव मला. का म्हणाले कोण जाणे, कदाचित मलाच बघायचं होतं की मी किती नुकसान केलं. ती खाली जाऊन पुस्तक घेऊन आली. मध्येच कुठलंतरी पान उघडलं आणि वहीच्या मागच्या बाजूला भराभरा लिहू लागली.

तिचा हात चालत होता तोवर सगळं ठीक होतं. मी विज्ञान सोडून पंधरा वर्षं झाली, त्यातलं एक अक्षर मला कळत नव्हतं, पण हात कुठं अडत नव्हता हे मला दिसत होतं. पायरीमागून पायरी ती शेवटापर्यंत गेली. उमादेवी सोऱ्या तसाच टाकून आमच्यामागं येऊन उभी राहिली. मग श्रद्धानं चार पर्यायांवरून नजर फिरवली, तिसऱ्याशेजारी पेनाचं टोक टेकवलं आणि उचललं. पुन्हा आपलं गणित वरून खाली वाचलं. पेन दुसऱ्यापाशी नेलं. तिथंही खूण केली नाही. तिनं मान वर केली आणि माझ्याकडं बघायला लागली, पुस्तकाकडं बघावं तशी, बारकाईनं, माझ्या भुवया, माझे ओठ. "सांग ना," मी म्हणाले, "तुला काय वाटतं?" ती बघतच राहिली. "मला येत नाही गं हे. खरंच येत नाही. तूच सांग." तिचा माझ्यावर विश्वास बसला नाही. पेन तिसऱ्यावर गेलं आणि माझ्याकडं नजर, पेन दुसऱ्यावर गेलं आणि माझ्याकडं नजर. शेवटी मी उठले, तिच्याकडं पाठ केली आणि कठड्याला धरून खाली रस्त्याकडं तोंड करून उभी राहिले. उमादेवीलाही खूण करून तोंड फिरवायला लावलं. मागं कागदाचा आवाज येईल म्हणून मी वाट बघत होते. ऊन डोक्यावर आलं होतं, कुरडया वाळत होत्या, आणि अजून तिनं काही लिहिलं नव्हतं.